‘सक्तीची राष्ट्रसेवा की शिक्षण?’ या विषयावर वादाची तयारी कशी करावी

वादविवाद स्पर्धेत हा विषय आला की बरेच वक्ते पहिल्याच मिनिटात घसरतात. एक जण सैनिकांच्या त्यागावर बोलतो, दुसरा ज्ञानाच्या महतीवर. प्रश्न मात्र तरुणांचं हित कशात आहे एवढाच असतो. (सक्तीच्या सेवेची बाजू घेणारी ती अनुकूल बाजू, शिक्षणाची घेणारी ती प्रतिकूल.) तेव्हा प्रत्येक मुद्दा लिहिताना समासात एक ओळ खरडा: ‘यात तरुणाला काय मिळालं?’ उत्तर सुचलं नाही तर मुद्दा कितीही टाळ्या घेणारा असो, काढून टाका.

आधी सेवा कोणती ते ठरवा

कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. सेवा किती महिन्यांची? कोणत्या वयात? लष्करी की नागरी? सूट कोणाला? नकार दिला तर काय? ही उत्तरं न ठरवता उभं राहिलात, तर प्रतिपक्ष तुमच्या गळ्यात सगळ्यात वाईट नमुना बांधतो.

नमुने भरपूर आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. ऑस्ट्रियात सहा महिने लष्करी किंवा नऊ महिने नागरी सेवा. फिनलंडमध्ये कामाच्या स्वरूपाप्रमाणे १६५, २५५ किंवा ३४७ दिवस. सिंगापूरमध्ये मुलांना दोन वर्षं. नायजेरियात १९७३पासून पदवीधरांना एक वर्षाची सेवा आहे, म्हणजे तिथे शिक्षण आधी आणि सेवा नंतर. हा शेवटचा नमुना लक्षात ठेवा. ‘की’ने जोडलेला विषय खरं तर क्रमाचा असू शकतो, हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

पुरावा कसा निवडावा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘सेवा केलेले तरुण अधिक शिस्तबद्ध आणि निरोगी असतात’ हे वाक्य हमखास येतं आणि ते जवळजवळ निरुपयोगी असतं. लष्कर वैद्यकीय तपासणी करूनच माणसं घेतं. निरोगी माणसंच आत गेली तर बाहेर येणारेही निरोगीच दिसणार. उलट बाजूही हीच चूक करते: पदवीधर जास्त कमावतात, म्हणून ती सगळी कमाई पदवीमुळेच, असं धरून चालते.

खरी तुलना हवी असेल तर चिठ्ठ्या टाकून निवड झाली असेल अशी उदाहरणं शोधा. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या ३६६ कुप्या काढून व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या भरतीचा क्रम ठरला. (कुप्या नीट मिसळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांना लवकरचे क्रमांक जास्त आले. प्रतिपक्षाने हे काढलं तर दचकू नका. एखाद्याचा जन्म कोणत्या महिन्यातला, यात त्याची लायकी तर येत नाही.) अशा सोडतींवरून अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९०मध्ये दाखवलं, की १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोऱ्या माजी सैनिकांची कमाई सेवा न केलेल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी होती. पुढच्या अभ्यासांत ही तफावत वयाबरोबर विरत गेलेली दिसली. माजी सैनिकांना मिळालेल्या शिक्षण-अनुदानामुळे त्यांचं शिक्षण वाढलं होतं, हेही त्यांतूनच पुढे आलं. म्हणजे सेवेचा जो फायदा मोजता आला, त्यातला एक भाग शिक्षणाच्या दारातूनच आला. प्रतिकूल बाजूसाठी यापेक्षा चांगला मुद्दा मिळणं कठीण.

नेदरलँड्समध्ये ग्विडो इम्बेन्स आणि व्हान डर क्लाऊ यांना सेवेनंतर साधारण दहा वर्षांनी कमाईत सुमारे पाच टक्के घट आढळली. एक वर्षाचा कामाचा अनुभव बुडाल्यावर साधारण एवढंच नुकसान होतं. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यांवर सोडत निघे. तिथे भरती झालेल्यांत पुढे गुन्ह्यांची नोंद होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं.

आता अनुकूल बाजूचा हुकमी पत्ता. पोर्तुगालमध्ये डेव्हिड कार्ड आणि आना रूते कार्दोसो यांना दिसलं, की केवळ प्राथमिक शिक्षण झालेल्या मुलांची कमाई सेवेमुळे चार-पाच टक्क्यांनी वाढली. जास्त शिकलेल्यांवर परिणाम जवळपास शून्य. कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स या तिघांना २०२१चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, हे एका वाक्यात सांगितलं तर परीक्षकांचं लक्ष वेधलं जातं. त्यापलीकडे नावांचा मारा नको.

शिक्षणाच्या बाजूने आकडा हवा असेल तर अँग्रिस्ट आणि क्रूगर यांचा १९९१चा अभ्यास घ्या: सक्तीच्या कायद्यामुळे शाळेत जास्त काळ राहिलेल्या अमेरिकन मुलांना दर वर्षामागे साधारण सात टक्के जास्त कमाई.

अनुकूल बाजू मांडताना

‘सगळ्यांना दोन वर्षं लष्कर’ असं कधीही मांडू नका. सहा ते नऊ महिने, नागरी पर्याय, शालेय शिक्षण संपल्यावर आणि हातात कौशल्याचं प्रमाणपत्र, एवढाच आराखडा ठेवा. मग शाळा लवकर सुटलेल्या तरुणावर बोला. प्रतिपक्ष म्हणेल, ‘फायदा प्रशिक्षणाचा आहे, तर प्रशिक्षणच द्या, सक्ती कशाला?’ उत्तर तयार ठेवा: ज्यांचा शाळेवरचा विश्वास उडालाय ते ऐच्छिक वर्गात नाव घालत नाहीत, सक्तीची सेवा त्यांच्यापर्यंतही पोचते.

दोन उदाहरणं जपून वापरा. नॉर्वेत कायदा मुलामुलींना सारखाच लागू आहे, पण प्रत्यक्षात प्रत्येक वर्षीच्या वयोगटातला लहान हिस्साच घेतला जातो आणि निवडीत उत्सुकताही पाहिली जाते. त्याला सक्तीचं यश म्हणणं टिकत नाही. दुसरं, २०१३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के ऑस्ट्रियन मतदारांनी सक्ती कायम ठेवली. नागरी सेवेतले तरुण गेले तर रुग्णवाहिका आणि शुश्रूषेला माणसं कुठून आणायची, ही चिंता तिथे मोठी होती. पण ते समाजाचं हित झालं. तरुणाचं कोणतं, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

प्रतिकूल बाजू मांडताना

‘सक्ती वाईट’ या पायावर इमारत उभारू नका. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २६वं कलमच प्राथमिक शिक्षण सक्तीचं म्हणतं, आणि प्रतिपक्ष ते काढणारच. फरक असा मांडा: शाळेची सक्ती बालकावर असते आणि तिचं फळ त्याच्याकडेच राहतं, सेवेची सक्ती सज्ञान माणसावर असते आणि त्याचे श्रम दुसऱ्याच्या कामी येतात. जोडीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३०चा सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार वापरा. त्यातून सक्तीची लष्करी सेवा वगळली आहे, पण ती निव्वळ लष्करी कामापुरती. त्यामुळे नागरी कामाची सक्ती करणाऱ्या आराखड्याला वेगळं समर्थन द्यावं लागतं. हा बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो.

स्वयंसेवकांचे अनुभव सक्तीच्या समर्थनार्थ आले की लगेच थांबवा. जर्मनीने २०११मध्ये सक्तीची भरती स्थगित केली आणि त्याच वर्षी ऐच्छिक नागरी सेवा सुरू केली. स्वतःहून आलेल्यांच्या समाधानावरून ओढून आणलेल्यांचं समाधान ठरवता येत नाही.

वेळेची वाटणी

पाच मिनिटांत ठसक्यात साडेपाचशे शब्द बसतात, जास्त लिहिलं तर शेवट घाईत जातो. आराखड्याला पाऊण मिनिट, दोन मुद्द्यांना मिळून अडीच, खंडनाला सव्वा, उरलेलं समारोपाला. तिसरा मुद्दा मोहात पाडतो. बहुधा तोच सगळ्यात कच्चा असतो आणि खंडनाची वेळ खातो.

प्रश्नोत्तरांत अनुकूल वक्त्याला हमखास विचारतात, ‘किती महिन्यांपुढे सेवा तुम्हालाही जाचक वाटेल?’ प्रतिकूल वक्त्याला विचारतात, ‘शाळा सोडलेल्या मुलाला तुमच्याकडे काय आहे?’ पहिल्याने आकडा सांगावा, दुसऱ्याने योजना. ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ म्हटलंत की गुण गेले.