पीआयडीची सोनोग्राफी: रेडिओलॉजीत नवीन आलेल्यांसाठी थोडं अनुभवाचं

सांगली-मिरजेत रेडिओलॉजीला नवीन लागलेली पोरं-पोरी मला हमखास विचारतात, मॅडम पीआयडी (पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज, म्हणजे गर्भाशय, त्याच्या नळ्या आणि ओव्हरी यांचं इन्फेक्शन) सोनोग्राफीवर दिसतो कसा? खरं सांगू का, बऱ्याचदा दिसतच नाही. सुरुवातीला नळ्यांना नुसती सूज असते आणि स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो, म्हणून निदान मुळात गायनॅकच्या हातात असतं, पीव्ही (योनीमार्गातून हाताने तपासणी) करताना गर्भाशयाचं तोंड हलवलं की दुखतंय, गर्भाशय किंवा त्याच्या बाजूला दाबलं की दुखतंय, दुसरं कारण सापडत नाहीये, एवढ्यावर त्या अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते बरोबरच आहे, आपल्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. मग आपलं काम काय? पू झालाय का, गाठ आहे का, की हे भलतंच काहीतरी आहे, ते सांगणं.

हे मला फर्स्ट इयरला कुणी सांगितलं नव्हतं. कुठे होते ते सोडा. जानेवारी होता, कारखाने जोरात चालू, आणि ऊसतोडीच्या टोळीतली एक पंचविशीची बाई आली, ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय, थोडा ताप. टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून करायची सोनोग्राफी, आली की सगळे मलाच हाक मारायचे, कारण युनिटमध्ये मुलगी मी एकटी (हा वैताग वेगळाच, त्यावर परत कधीतरी). आधी भरल्या लघवीवर पोटावरून बघितलं, मग लघवीला पाठवून खालून. गर्भाशय ठीक, दोन्ही ओव्हरी ठीक, मागे चमचाभर पाणी. प्रोब डावीकडे नेला तसा तिने मावशीचा हात गच्च धरला, मावशी म्हणाल्या, "दमा जरा बाई, झालंच आता." मी ते बघितलं आणि रिपोर्टमध्ये टाकलं, नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मॅलिटी.

ॲडमिट व्हायला सांगितलं तर नवरा म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल हाय की, मग कशापायी?" उचल घेतलेली, मुकादम बाहेर उभा, निघून गेले. चार दिवसांनी परत आली ती तापाने फणफणलेली, डावीकडे ओव्हरी कुठली नि नळी कुठली ओळखू येईना, एकच गोळा आणि आत गढूळ पू, खाली गाळ बसलेला. ट्यूबो-ओव्हेरियन ॲबसेस. शिरेतून अँटिबायोटिक देऊनही तीन दिवसांत ताप उतरेना म्हणून शेवटी सोनोग्राफीखाली सुईने पू काढावा लागला. गायनॅकच्या मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तुला दिसलं नाही ते ठीक, पण दुखलं ते तरी लिही की गं."

तर पहिली गोष्ट ही. प्रोब हातात असताना अधूनमधून बाईच्या तोंडाकडे बघा. नेमकं कुठे दाबल्यावर दुखतंय ते विचारा आणि रिपोर्टमध्ये लिहा, मापं लिहितो तसंच.

आता नळी. निरोगी नळी सोनोग्राफीवर सहसा दिसतच नाही, त्यामुळे दिसली की समजायचं काहीतरी बिघडलंय. मी एकदा ऐटीत 'मल्टिसेप्टेटेड ओव्हेरियन सिस्ट' (आत बरेच सेप्टा म्हणजे पडदे असलेली ओव्हरीची पाण्याची गाठ) लिहून सरांकडे नेलं. सरांनी काही न बोलता प्रोब घेतला आणि जागच्या जागी नव्वद अंशात फिरवला. गोल दिसणारी सिस्ट लांबत लांबत वळलेल्या सॉसेजसारखी झाली, आणि माझे जे सेप्टा होते ते एका भिंतीतून निघून मधेच संपत होते, पलीकडे पोचतच नव्हते. शेजारी ओव्हरी वेगळी, व्यवस्थित. सर म्हणाले, "सिस्ट कशीपण फिरव, गोलच राहते. नळी लांब होते." तेव्हापासून ॲडनेक्सात (गर्भाशयाच्या बाजूला, नळी-ओव्हरीच्या भागात) पाण्याची कुठलीही गाठ दिसली की माझं मनगट आपोआप फिरतं.

ॲक्यूटमध्ये नळीची भिंत ५ मिमी किंवा जास्त जाड होते, आतल्या घड्या सुजतात, आडवा छेद घेतला की रसवंतीच्या चरकाला असतं ना दातेरी चाक, अगदी तसं दिसतं, पुस्तकात त्याला कॉगव्हील म्हणतात. जुन्या आजारात भिंत ताणून पातळ होते आणि त्या घड्यांचे २-३ मिमीचे मणी तेवढे भिंतीला चिकटून उरतात, ते बीड्स ऑन अ स्ट्रिंग. आतलं पाणी काळं स्वच्छ असेल तर हायड्रोसाल्पिंक्स, गढूळ असेल आणि पेशंटला ताप असेल तर पायोसाल्पिंक्स. आणि ओव्हरी नळीला चिकटलीय पण अजून ओळखू येतेय तर ट्यूबो-ओव्हेरियन कॉम्प्लेक्स म्हणा, ओळखच पुसली तर ॲबसेस. हा फरक पाळा, कारण त्यावर ट्रीटमेंट बदलू शकते.

यूपीटी (लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट) आणि एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख) विचारल्याशिवाय प्रोब उचलू नका, एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) सुटली तर जीव जाईल. लग्न न झालेल्या मुलीला सहसा पोटावरूनच करतो. उजवीकडे दुखत असेल तर अपेंडिक्स शोधायचंच.

उलटी चूकसुद्धा तितकीच होते, आणि मला तिचाच जास्त राग येतो. मागे जरासं पाणी दिसलं, गर्भाशय किंचित मोठं वाटलं की 'बल्की युटरस, पीआयडी'. अहो, ओव्ह्युलेशनच्या आसपास थोडं पाणी असतंच, आणि दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणारच! मग कुणीतरी त्या रिपोर्टवर बोट ठेवून सांगतं, पिशवीला सूज आहे, काढून टाका. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या होत्या, आठवत असतील, त्याच भागातल्या टोळ्या आपल्याकडे येतात. आपली एक ओळ कुठवर जाते ते लक्षात ठेवून टाइप करा.

सीटी बहुतेक आपण पीआयडीसाठी मागवत नाही, पोटदुखीचं कारण कळेना म्हणून होतो आणि त्यात सापडतो. एकदा सर्जननी पित्ताशयासाठी पाठवलेली बाई होती, पित्ताशय एकदम साफ, पण आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन धमन्यांत असताना घेतलेल्या फोटोंत) लिव्हरचं कव्हर चमकत होतं, खाली बघितलं तर दोन्ही नळ्या जाड. फिट्झ-ह्यू-कर्टिस, इन्फेक्शन वर लिव्हरच्या आवरणापर्यंत गेलेलं. एमआरआय नळी छान दाखवतो, त्यातल्या डिफ्यूजन सिक्वेन्सवर पू चमकतो, पण गाठ नक्की कसली ते कळतच नसेल तरच सुचवा, जतहून एसटीने आलेल्या बाईला तो खर्च परवडायला पाहिजे ना.

आणि आपल्याकडे टीबी विसरून चालणार नाही. ताप फारसा नाही, मूल होत नाही, नळ्या फुगलेल्या, पोटात पाणी, वर सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ताची टेस्ट) वाढलेला, असं चित्र बघून घरच्यांना कॅन्सर सांगून मोकळे होतात, बायोप्सी येईपर्यंत थांबा. टीबीची नळी एचएसजीत (गर्भाशयात कॉन्ट्रास्ट सोडून काढायचा नळ्यांचा एक्स-रे) मण्यामण्यांची दिसते, पण पेशंटला ताजं इन्फेक्शन असताना एचएसजी करायचा नाही.

माझ्या टेम्प्लेटमध्ये आता ओव्हरीच्या मापाखाली एक ओळ कायमची आहे, प्रोब टेंडरनेस. आमचा टायपिस्ट सुरुवातीला कुरकुरायचा, हे कशाला मॅडम, मशीनमध्ये तर येत नाही. परवा मी घाईत सांगायची विसरले तर काचेवर टकटक करून विचारतोय, "दुखलं का न्हाई ते ऱ्हायलं की वं."