सशस्त्र संघटनेची नोंद लिहिताना: स्रोतांचे आणि तटस्थतेचे वाद कसे हाताळावेत

एखाद्या सशस्त्र संघटनेविषयी ज्ञानकोशात नोंद लिहायला घेतली, की पहिला वाद बहुधा पहिल्याच वाक्यावर होतो. एक संपादक 'दहशतवादी संघटना' असे लिहितो, दुसरा ते खोडून 'मुक्तिसंघटना' करतो आणि पुढचे कित्येक दिवस या खोडाखोडीतच जातात. संपूर्ण नोंद तटस्थ आहे की नाही, यावर भांडून हा वाद सुटत नाही. तो एकेका विधानापर्यंत खाली आणावा लागतो: हे कोण म्हणते, केव्हा म्हटले आणि त्याला ते कशावरून कळले? येथे श्रीलंकेतील लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम म्हणजेच एलटीटीईचे उदाहरण घेतो, कारण १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आणि मे २००९ मध्ये पराभूत झालेल्या या संघटनेविषयी लेखन विपुल आहे आणि त्यातले पुष्कळसे कोणत्या तरी एका बाजूचे आहे.

सुरुवातीला विशेषणाऐवजी वर्णन लिहावे. 'श्रीलंकेच्या उत्तर व पूर्व भागांत तमिळ ईलम या स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढलेली सशस्त्र संघटना' या वाक्याला दोन्ही बाजूंचा संपादक हरकत घेऊ शकत नाही. मात्र तेथेच थांबणे ही तटस्थता नव्हे. भारताने १९९२ मध्ये तिच्यावर बंदी घातली, अमेरिकेने १९९७ मध्ये तिला परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये तसाच निर्णय घेतला, ही माहिती लगेच पुढच्या वाक्यात, त्या त्या सरकारच्या नावासह आणि वर्षासह आली पाहिजे. ती पाचव्या परिच्छेदात दडवणे हाही पक्षपातच आहे.

अशा यादीतील नोंद हा कायदेशीर निर्णय असतो आणि त्याचे कारण वाचल्याशिवाय त्याचा अर्थ सांगू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने एलटीटीईला यादीत ठेवण्याचे निर्णय रद्द केले. एवढेच वाचून कोणी 'न्यायालयाने संघटनेला दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले' असे लिहिले, तर ते सपशेल चुकीचे ठरेल. संघाच्या परिषदेने, म्हणजे यादीचा निर्णय घेणाऱ्या सदस्य देशांच्या मंडळाने, सक्षम अधिकाऱ्यांनी तपासलेल्या निर्णयांवर विसंबण्याऐवजी वृत्तपत्रे व इंटरनेटवरून घेतलेल्या माहितीचा आधार घेतला, हा न्यायालयाचा आक्षेप होता. संघटना दहशतवादी आहे की नाही, यावर आपण मत देत नाही, हेही त्याने स्पष्ट केले होते. या निर्णयाविरुद्ध परिषदेने केलेले अपील २०१७ मध्ये फेटाळले गेले. म्हणून निकालाची बातमी हाती आली, तरी मूळ निकालपत्र वाचावे. वादाचा निकाल अनेकदा तेथेच लागतो.

सर्वांत कडवे वाद आकड्यांवरून होतात. श्रीलंकेतील युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत किती नागरिक मारले गेले, याविषयी 'संयुक्त राष्ट्रांच्या मते ४०,००० ठार' हे वाक्य जागोजागी आढळते. सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा २०११ चा अहवाल उघडला, तर त्यात ४०,००० पर्यंत नागरिकांच्या मृत्यूची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हटलेले दिसते. त्याच अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या श्रीलंकेतील पथकाचा आकडाही आहे: ऑगस्ट २००८ पासून १३ मे २००९ पर्यंत ७,७२१ मृत. हा आकडा फार कमी असण्याचा संभव आहे, असेही मंडळ नोंदवते. नोंदीत हे दोन्ही आकडे त्यांच्या कालमर्यादेसह आणि 'नाकारता येत नाही' हे शब्द न गाळता द्यावेत. दोन आकड्यांची सरासरी काढणे किंवा त्यांतून स्वतःचा तिसरा आकडा तयार करणे हे संपादकाचे काम नाही.

पक्षपाती स्रोत सरसकट टाकून देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. तमिळनेट हे तमिळ बाजूचे वृत्तसंकेतस्थळ किंवा श्रीलंकेचे संरक्षण मंत्रालय यांची प्रकाशने त्या त्या बाजूने काय दावा केला, याचा उत्तम पुरावा असतात. प्रत्यक्षात काय घडले, याचा पुरावा म्हणून मात्र ती एकटी पुरत नाहीत. 'मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार' असे लिहून दावा नोंदवावा आणि स्वतंत्र दुजोरा नसेल, तर तो ज्ञानकोशाच्या स्वतःच्या आवाजात सांगू नये. येथे क्रियापदांवरही लक्ष ठेवावे लागते. एका बाजूने 'सांगितले' आणि दुसरीने 'कांगावा केला' असे लिहिले, तर स्रोत कितीही निर्दोष असले तरी वाक्य एका बाजूला झुकते.

अशा वेळी दोन्ही बाजूंना दुखावणारा स्रोत फार मोलाचा असतो. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या जाफनातील विद्यापीठ शिक्षकांच्या गटाने एलटीटीई, श्रीलंकेचे सैन्य आणि भारतीय शांतिसेना या तिन्हींच्या अत्याचारांची नोंद ठेवली. त्या गटाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. रजनी थिरणगम यांची सप्टेंबर १९८९ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. अशा लेखनाला दोन प्रचारपत्रकांच्या बरोबरीने तोलणे अन्यायाचे आहे.

दोन बाजूंना सारखी जागा दिली म्हणजे काम झाले, या समजुतीने आणखी एक गोष्ट हातून निसटते. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातील मुस्लिमांना घरेदारे सोडून निघून जायला लावले. संघर्ष केवळ सिंहली सरकार विरुद्ध तमिळ बंडखोर असा मांडला, तर हजारो कुटुंबांच्या या हकालपट्टीला नोंदीत जागाच उरत नाही. म्हणून मजकुराचा आराखडा करताना या संघर्षात कोणाकोणाला झळ पोहोचली, हे आधी लिहून काढावे आणि मग त्या प्रत्येकाविषयीचे स्रोत शोधावेत. कोणाला किती जागा द्यायची, हे विश्वासार्ह स्रोतांत त्या विषयाला किती वजन आहे, यावरून ठरवावे. कोणता संपादक अधिक चिवट आहे, यावरून ते ठरता कामा नये.

चर्चा चिघळली, तर समोरच्याच्या हेतूंविषयी, वंशाविषयी किंवा राष्ट्रीयत्वाविषयी एक अक्षरही लिहू नये. वादातले वाक्य चर्चेत जसेच्या तसे उतरवावे, त्याखाली स्रोतातील मूळ उतारा पृष्ठक्रमांकासह द्यावा आणि पर्यायी वाक्य सुचवावे. आक्षेप घेणाऱ्याकडेही हेच मागावे. चांगल्या दर्जाचे दोन स्रोत खरोखरच परस्परविरोधी असतील, तर त्यांतला एक निवडण्याचा आग्रह सोडून तो मतभेदच नोंदीत मांडावा.

जिवंत व्यक्तींच्या बाबतीत मात्र वाद मिटेपर्यंत थांबू नये. शरण आलेल्या किंवा लहानपणी बळजबरीने भरती केलेल्या कोणाचे नाव भक्कम आधाराशिवाय मजकुरात आले असेल, तर ते आधी काढावे आणि चर्चा नंतर करावी. चर्चेतही ते नाव पुन्हा लिहू नये.