तिळगूळ माजी सैनिक आजोबांना
१४ जानेवारी हा दिवस आपल्याकडे संक्रांतीच्या गडबडीत जातो. परंतु लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ साली याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिक दिन म्हणूनही पाळला जातो. मराठवाड्यातील अनेक गावांत फौजेतून परतून शेती पाहणारे एखादे आजोबा असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला भाषण ऐकवण्यापेक्षा त्याच्या हाती तिळगुळाची वाटी द्यावी आणि आधी विचारून त्याला त्यांच्याकडे न्यावे.

“किती शत्रू मारले?” हा प्रश्न मुलांच्या तोंडी सहज येतो, तो विचारू नये, हे घरीच समजावावे, कारण काही आठवणी कितीही जुन्या झाल्या तरी दुखतात. त्याऐवजी आपल्या रखरखत्या उन्हात वाढलेला माणूस बर्फात कसा राहिला, घरचे पत्र किती दिवसांनी मिळे, ज्वारीच्या भाकरीची आठवण येई का, हे विचारू द्यावे. आजोबा मध्येच गप्प झाले, तर घाईने विषय बदलू नये. मुलाला ती शांतताही कळते, असे मला मनापासून वाटते.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनी सैनिकांसाठीच्या निधीच्या डब्यात नाणेही मुलाच्याच हाताने टाकावे.