इटालियनमध्ये तारीख सांगताना

क्रम सोपा, आपल्यासारखाच: दिवस, महिना, वर्ष. आकड्याआधी ‘इल’ लावा. 2 जून, म्हणजे इटलीचा प्रजासत्ताक दिन, ‘इल दूए जून्यो’. ‘दोन जूनला’ म्हणायचं असलं तरी हेच. आपल्या ‘ला’साठी वेगळा शब्द शोधू नका. महिन्याआधी ‘दि’ (आपलं ‘चा-ची’) हेही नको.

पहिली तारीख तेवढी ‘पहिली’ असते: 1 मे ‘इल प्रीमो माज्जो’. पुढे साधे आकडे. 8 आणि 11 स्वराने सुरू होतात, म्हणून तिथे ‘इल’चं ‘ल’ होऊन आकड्याला चिकटतं: 8 मार्च ‘लॉत्तो मार्त्सो’.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो वर्षाशी. ‘एकोणीसशे’च्या धर्तीवर ‘दिचान्नोवे’ सुरू केलंत की फसलात. 1946 हा सलग आकडा वाचायचा: ‘मिल्ले-नोवेचेन्तो-क्वारान्ता-सेइ’. लांबलचक आहे खरं, पण लिहितानाही तो एकच शब्द! नुसत्या वर्षाआधी मात्र ‘नेल’ लागतं, म्हणजे ‘1946 मध्ये’.

वार जोडला की ‘इल’ गळतंच: सोमवार 2 जून म्हणजे नुसतं ‘लुनेदी दूए जून्यो’. जून ‘जून्यो’ आणि जुलै ‘लूल्यो’ यांची गल्लत फोनवर सहज होते. तिकीट काढताना महिन्याचा आकडाही सांगा.