देवलांची सातही नाटकं गटाने कशी वाचायची (आणि पदांचं काय करायचं)

गटाने नाटक वाचायचं ठरलं की लगेच सल्ले सुरू होतात, आधी लेखकाचं चरित्र वाचा, काळ समजून घ्या, कुणाला तरी प्रस्तावना करायला सांगा. नका करू यातलं काही. गोविंद बल्लाळ देवल माणसं बोलतात तशी वाक्यं लिहितात, मोठ्याने वाचायला लागलात की दहा मिनिटांत कळायला लागतं. सात नाटकं आहेत, महिन्यातून दोनदा बसलात आणि एका बैठकीला दोन अंक धरलेत तर वर्षात सगळी होतात.

माणसं सात-आठ. जागा कुणाचाही हॉल, नाशकात गंगापूर रोड काय नि सिडको काय.

पुस्तकं: देवल १९१६ साली गेले, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही, सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) शोधा, जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन नेटवर बघा, झेरॉक्स काढा. पण आवृत्ती सगळ्यांकडे एकच हवी, नाहीतर "कुठल्या पानावर आहात" यातच अर्धी संध्याकाळ जाते.

क्रम सालवार लावू नका, हा सल्ला तर मी फार ऐकलाय. तसं केलं तर सुरुवात 'दुर्गा'ने होते, ते दुःखाने भरलेलं आहे आणि गट अजून जमलेला नसताना माणसं गळतात. 'संशयकल्लोळ'ने सुरू करा, फाल्गुनराव बायकोवर, कृत्तिकेवर संशय घेतोय, ती त्याच्यावर, एक तसबीर या हातातून त्या हातात जातेय, इथे कुणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. मग 'शारदा', 'मृच्छकटिक', 'दुर्गा', 'विक्रमोर्वशीय', 'शापसंभ्रम' आणि शेवटी 'झुंझारराव'. 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथावरून घेतलंय, त्याला धीर लागतो, तोपर्यंत गट मुरलेला असतो.

भूमिका दर अंकाला बदला. फाल्गुनराव बाईने वाचला तरी चालतो, उत्तम चालतो.

आता पदं, म्हणजे नाटकातली गाणी. आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते पदांनी, आणि याबद्दल कुणीच धड सांगत नाही.

लोक दोनच गोष्टी करतात. एक तर गातात. गटात एखादं गाणारं माणूस असतंच, 'कर हा करी धरिला' आलं की ते सुरू होतं, बाकीचे ताल धरतात, वाहवा होते आणि नाटक तिथेच थांबतं, पुढचं वाक्य कुणाचं होतं तेच कुणाला आठवत नाही. दुसरे लोक पदं सरळ गाळतात. 'संशयकल्लोळ'मध्ये हे खपून जातं, कारण ते मुळात 'फाल्गुनराव' नावाचं गद्य नाटक होतं, पदं नंतर घातली आणि १९१६ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत म्हणून आणलं. म्हणून वाटतं की पदं वगळली तरी काही अडत नाही. मग 'शारदा' येतं आणि गाडी रुतते, कारण तिथे कित्येक ठिकाणी पद हाच संवाद आहे, ते गाळलं की समोरचा माणूस कशाला उत्तर देतोय तेच समजत नाही.

पदं वाचायची, बोलल्यासारखी. गायची नाहीत आणि गाळायचीही नाहीत. हे वाटतं तितकं सोपं नाहीये, कारण ज्याने चाल ऐकलीय त्याची जीभ आपोआप चालीवर जाते, शब्द ओढले जातात. यावर उपाय असा की आदल्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा आणि पदात अर्थ जिथे तुटतो तिथे रेघ मारा, ताल जिथे तुटतो तिथे नाही. मग त्या रेघांवर थांबत वाचा. ध्रुवपद पुन्हा पुन्हा म्हणू नका, एकदाच. तरीही चाल सुटत नसेल तर ते पद, फक्त तेवढं पद, ज्याने कधी ऐकलेलं नाही अशा तरुण माणसाला द्या.

'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान, लग्ना अजुनि लहान' हे चालीवर आलं की सगळे हसतात. तेच साध्या आवाजात, कुणाची तरी खबर सांगावी तसं वाचून बघा. पंच्याहत्तर वर्षांचा म्हातारा पोरीशी लग्न करायला निघालाय हे मग टोचतं, आणि देवलांना ते टोचायलाच हवं होतं. गाणाऱ्याचा मान ठेवायचा असेल तर अंक संपल्यावर, चहाच्या वेळी, एक पद. दुसऱ्याची फर्माईश घेऊ नका.

नाशकात 'शारदा' वाचताना जॅक्सनचा विषय निघणारच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सन याच नाटकाला आला होता आणि क्रांतिकारक अनंत कान्हेरेने त्याला तिथे गोळ्या घातल्या. यावर बोलायलाच हवं, आपल्या गावात घडलंय ते, पण शेवटचा अंक वाचून झाल्यावर, आधी काढलात तर त्या दिवशी शारदा कुणी ऐकत नाही.

'झुंझारराव' गद्य आहे, पदांची कटकट नाही. ते शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून केलंय, देवलांनी डेस्डेमोनाची कमळजा केली आणि इयागोचा जाधवराव. शिरवाडकरांनीही ऑथेल्लो मराठीत आणलंय, म्हणून शेवटचा प्रवेश दोन्हीकडचा लागोपाठ वाचा, आधी देवल मग शिरवाडकर, वाचणारे मात्र तेच ठेवा आणि त्या बैठकीला अर्धा तास जास्त धरा.