रॅम घ्यायला नागपूरच्या बर्डीवर निघण्याआधी: सिम्युलेशनमधला ‘आउट ऑफ मेमरी’ कसा सोडवायचा

सिम्युलेशनची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, मध्येच थांबला आणि मेमरी पुरत नाही म्हणाला, की पहिला विचार नवी रॅम घेण्याचा येतो. हिंगणा-बुटीबोरीतलं छोटं डिझाइन ऑफिस असो की कॉलेजची लॅब, हा खर्च बरेचदा टाळता येतो. कमी पडलेली गोष्ट दरवेळी रॅमच असते असं नाही.

आधी आउटपुट फाइल उघडा. स्क्रीनवरचा लाल मेसेज नुसती तक्रार करतो. किती मेमरी मागितली आणि किती मिळाली, ते फाइलमध्ये सापडतं. अॅन्सिस मेकॅनिकल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती सोल्यूशन इन्फर्मेशनमध्ये दिसते. अबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅट फाइलमध्ये दोन आकडे असतात: एक किमान लागणाऱ्या मेमरीचा, दुसरा डिस्कवरची ये-जा कमीत कमी ठेवायला लागणाऱ्या मेमरीचा. मोकळी रॅम पहिल्या आकड्याहून कमी असेल तर जॉब सुटणार नाही. दोन्हींच्या मध्ये असेल तर सुटेल, पण रखडत. अख्खा रन न करता नुसता डेटाचेक (मॉडेलची प्राथमिक तपासणी) चालवूनही हा अंदाज मिळतो.

आता हिशेब. अॅन्सिसच्या स्पार्स डायरेक्ट (समीकरणं थेट सोडवणाऱ्या) सॉल्व्हरला इन-कोर (सगळं काम रॅममध्येच) चालायला दर १० लाख डिग्री ऑफ फ्रीडममागे (सोडवायच्या अज्ञातांमागे) साधारण १० जीबी लागतात, आउट-ऑफ-कोर (बरंचसं डिस्कवर ठेवून) असेल तर साधारण १ जीबी. समजा, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचा मेश (भागाचे बारीक तुकडे पाडून केलेली जाळी) ८ लाख नोडचा, म्हणजे जाळीतल्या बिंदूंचा, आहे. प्रत्येक नोडला ३ डिग्री, म्हणजे २४ लाख. इन-कोरला २४ जीबीच्या आसपास. ३२ जीबीच्या मशीनवर विंडोज, वर्कबेंच आणि ब्राउझरचे वीस टॅब मिळून ७-८ जीबी आधीच गेलेले असतात. म्हणजे हा जॉब नेमका काठावर आहे. भरीव, ठोकळ्यासारख्या भागाला याहून जास्त लागतं, पातळ पत्र्याच्या रचनेला कमी. असा जॉब आउट-ऑफ-कोर टाकायचा तर स्क्रॅच फोल्डर (तात्पुरत्या फाइलींची जागा) एसएसडीवर हवा आणि त्यावर भरपूर जागा हवी. जुन्या हार्ड डिस्कवर तोच जॉब रात्रभर चालत बसेल.

हिशेबापेक्षा मागणी कितीतरी जास्त दिसली, तर गडबड मॉडेलमध्ये शोधा. पहिला संशयित रिमोट पॉइंट, म्हणजे पृष्ठभागाशी जोडून लोड द्यायचा एक बिंदू. बेअरिंगच्या जागी लोड द्यायला रिमोट पॉइंट अख्ख्या मोठ्या पृष्ठभागाला जोडला, की हजारो नोड एकमेकांशी समीकरणांनी बांधले जातात. मग मॅट्रिक्सचा तेवढा भाग विरळ राहत नाही, गच्च भरतो. अशा वेळी मेश बारीक-जाड करत बसण्यात अर्थ नाही. पिनबॉल (जोडणीची त्रिज्या) आवळा किंवा पृष्ठभागाचा छोटा तुकडा निवडा. एमपीसी (नोड समीकरणांनी बांधणाऱ्या) पद्धतीच्या बॉन्डेड, म्हणजे चिकटवलेल्या, कॉन्टॅक्टचंही तेच. तिथे ऑगमेंटेड लग्रांज ही दुसरी पद्धत वापरून बघा.

भरीव भागांचं मोठं मॉडेल असेल तर इटरेटिव्ह, म्हणजे फेऱ्या मारत उत्तराकडे जाणारा पीसीजी सॉल्व्हर थोड्या मेमरीत काम उरकतो. मात्र पातळ शेल (पत्र्यासारखे भाग) असतील तर तो उत्तराशी लवकर जुळत नाही, आणि लग्रांज मल्टिप्लायरवर (जादा अज्ञात घालणाऱ्या पद्धतीवर) चालणारे कॉन्टॅक्ट किंवा जॉइंट असतील तर सहसा चालतच नाही.

कोअर वाढवले की मेमरी कमी लागेल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. डिस्ट्रिब्युटेड पद्धतीत, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटल्यावर, प्रत्येक प्रोसेस स्वतःची वेगळी मेमरी धरते, त्यामुळे एकाच मशीनवरची एकूण मागणी वाढते. ८ कोअरवर पडणारा जॉब ४ वर मुकाट सुटतो, असं पुष्कळदा होतं. अबॅकसचे दोन जॉब एकत्र सोडू नका. आपोआपच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला मशीनच्या ९० टक्के मेमरीची मुभा असते. सोडायचेच असतील तर दोघांना ४०-४० टक्के बांधून द्या.

एलएस-डायना या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळाच सापळा आहे. मेमरीपुढे ‘२०० एम’ लिहिलं की बहुतेक जण २०० एमबी समजतात. ते २० कोटी वर्ड (प्रत्येकी एक आकडा ठेवण्याची जागा) असतात: सिंगल प्रिसिजनमध्ये ८०० एमबी, डबलमध्ये १.६ जीबी. एमपीपी, म्हणजे अनेक प्रोसेसवर चालणाऱ्या आवृत्तीत हा आकडा दर प्रोसेसमागे लागतो. १६ प्रोसेस असतील तर डबलमध्ये २५ जीबीच्या वर गेलात. मॉडेलचे तुकडे पाडणाऱ्या पहिल्या प्रोसेसला जास्त मेमरी लागते, बाकीच्यांना कमी पुरते. त्यांच्यासाठी ‘मेमरी२’ हा वेगळा आकडा द्या.

रॅम मोकळी दिसते तरी अॅलोकेशन फेल? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’चा आकडा बघा. रॅम आणि पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) मिळून जी मर्यादा बनते, तिला तो टेकला असेल तर विंडोज नवी मेमरी देत नाही. कुणीतरी वेग वाढवायला म्हणून पेजफाइल बंद केलेली असते, नाहीतर सी ड्राइव्ह भरलेला असतो. लिनक्सवर जॉब नुसता ‘किल्ड’ म्हणून संपला तर कर्नलच्या लॉगमध्ये ओओएम किलरची (मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या यंत्रणेची) नोंद शोधा. क्लस्टरवर जॉब स्क्रिप्टमधली मेमरीची मर्यादाही तपासा.

जॉब कुठे पडतो त्यावरूनही कळतं. दरवेळी एकाच ठिकाणी पडला तर मॉडेल किंवा सेटिंग. तीच फाइल कधी तिसऱ्या सबस्टेपला (गणिताच्या टप्प्याला), कधी अकराव्याला पडत असेल तर हार्डवेअर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. एसी बंद असलेल्या खोलीत रात्रभर लोडवर ठेवलेल्या वर्कस्टेशनचे हाल होतात. पंखे आणि जाळ्यांवरची धूळ काढा, रॅमची पट्टी काढून नीट बसवा, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. त्यात एक जरी एरर आली तरी ती पट्टी बाद.

हे सगळं करूनही कमी पडलीच तर घ्या रॅम. १६च्या दोन पट्ट्यांना आणखी दोन जोडण्यापेक्षा ३२ची जुळी जोडी बरी. डीडीआर५मध्ये चार पट्ट्या लावल्या की बऱ्याच बोर्डांवर वेग उतरतो. बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो ते आधी बघा आणि वर्कस्टेशनला ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम) लागते का, हे दुकानात जाण्याआधीच मॅन्युअलमधून पाहून ठेवा.