कुत्र्यासह रानातल्या वस्तीवर सुट्टी: गगनबावडा, राधानगरी, आंबा, आजरा

कोल्हापुरातून पश्चिमेला गाडी काढली की दीड-दोन तासांत गगनबावडा, राधानगरी, आंबा किंवा आजऱ्याकडची एखादी शेतावरची वस्ती गाठता येते. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला तिथली माती, वास आणि मोकळी जागा म्हणजे मोठी चैन असते. पण अशा रानात त्याला खरा धोका असतो तो बहुतेक दुसऱ्याच जनावरासाठी मांडलेल्या गोष्टींचा. उंदरांसाठी ठेवलेलं औषध, रानडुकरासाठी लावलेला फास, गव्यांसाठी ओढलेली झटक्याची तार, आणि पिकासाठी खणलेलं प्लॅस्टिकचं शेततळं. यातलं काहीच कुत्र्याला ओळखता येत नाही, त्यामुळे पट्टा कुठं सोडायचा आणि कुठं नाही हे माणसानंच ठरवून जायचं.

जाण्याचा काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा धरा. पावसाळ्यात जाणं टाळलेलं बरं. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला पडतो, वाटेतल्या मांडुकली गावाजवळ रस्त्यावर पाणी आलं की परतीची वाट बंद होते आणि कुत्रं आजारी असेल तर अडकून पडायला होतं. शिवाय जळवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान असते, पण कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं केसांतून कातडीत शिरतात आणि त्यांचे काटे मागे वळलेले असल्यामुळे पुढंच सरकत राहतात. लांब केसांच्या कुत्र्याला त्या दिवसांत न्यायचं असेल तर पंजे, कानांची आतली बाजू आणि पोटाखालचे केस आधी कापून घ्या. मार्चनंतर आजरा-चंदगडकडं काजू सुरू होतो. काजूच्या टरफलातलं तेल भाजतं, कुत्र्यानं बोंड चघळताना बी फोडली तर ओठ आणि जीभ सुजते.

तयारी तीन आठवडे आधी सुरू करायची, कारण लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. रेबीजचा डोस चालू वर्षातला आहे ना ते कार्डावर पाहा. सोबतच्या एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिसचा भाग आहे का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण भातखाचरातल्या पाण्यात उंदराचं मूत असतं आणि हा रोग तिथूनच येतो. गोचिडांसाठी गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध. पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याला गोळीच बरी, मानेवरचं औषध वारंवार भिजण्यानं कमी होत जातं. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जंताची गोळी देताना त्यात प्राझिक्वांटेल (पट्टकृमीवरचं औषध) आहे का ते पाहा, वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टर सांगतील. शेतावर कुत्र्याच्या शीतून मेंढ्या-बकऱ्यांना आणि माणसांना पट्टकृमीचे गाठीचे आजार होऊ शकतात, तेव्हा कुत्र्याला दिलेली ही गोळी यजमानाच्या रक्षणासाठीही आहे.

याच तीन आठवड्यांत दोन गोष्टी पक्क्या करा. एक म्हणजे "सोड" म्हटल्यावर तोंडातली वस्तू टाकणं. दुसरी, जाळीचं मुसकं घालायची सवय. कापडी मुसकं नको, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि उन्हात ते जिवावर बेततं. जाळीच्या मुसक्यात त्याला पाणी पिता येतं, धापही घेता येते, आणि रस्त्यात पडलेलं काही उचलता येत नाही. रोज पाच-पाच मिनिटं, मुसक्याच्या आत खाऊ ठेवून, आठवडाभरात सवय होते.

यजमानाला फोनवर नेमकं विचारा. "कुत्रं चालेल का" याला बहुतेक जण "चालेल की" म्हणतात, त्यातून काही कळत नाही. कोंबड्या मोकळ्या असतात का? वस्तीवर त्यांचं स्वतःचं कुत्रं आहे का, ते बांधलेलं की सुटं? उंदराचं औषध कुठं आणि कधी ठेवलं? पिकावर किंवा सरीत शेवटचं औषध कधी टाकलं? तारेत झटका मशीनचा करंट आहे की थेट लाईटचा? (थेट लाईट सोडणं बेकायदेशीर आहे आणि माणूसही मरतो. असं शेत असेल तर जाऊ नका.) शेततळ्याला कुंपण आहे का? बिबट्या गेल्या महिन्यात दिसला का? मोबाइलला रेंज कुठं येते? यातल्या एकाही प्रश्नाला यजमान चिडला तर दुसरं ठिकाण शोधा. कुत्री माजावर असेल तर सहल पुढं ढकला, गावातली सगळी कुत्री रात्रभर दारात येतात.

गाडीत कुत्र्याला मागच्या सीटवर हार्नेस घालून बेल्टला अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला नको. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. घाटातल्या वळणांवर उलटी करणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून गोळी घ्या. वीस किलोच्या कुत्र्याला साध्या दिवशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागतं, प्रवासात त्याच्या दुप्पट सोबत ठेवा. चहाला थांबलात तरी बंद गाडीत कुत्रं ठेवू नका, हिवाळ्यातलं ऊनही गाडी तापवायला पुरतं.

पोचल्यावरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. बॅगा उतरवायच्या गडबडीत दार उघडं राहतं आणि कुत्रं कोंबडीमागं सुटतं. म्हणून एकानं फक्त कुत्रं धरायचं, बाकीच्यांनी सामान. दहा मीटरच्या दोरीवर घराभोवती एक फेरी मारा. परडं, गोठा, उकिरडा, विहीर, आणि जिथं जायचं नाही ती जागा त्याच्यासोबत चालून पाहा. यजमानाच्या कुत्र्याशी भेट अंगणात नको, वस्तीपासून दूर रस्त्यावर घडवा. दोघांना दहा-पंधरा पावलं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालवा, मग अंतर कमी करा. खाण्याची भांडी कायम वेगळ्या जागी. गावठी कुत्री बहुधा भांडायला नाही तर हद्द दाखवायला येतात, पण घरचं कुत्रं घाबरून आधी चावतं आणि मग प्रकरण वाढतं.

गोठ्याशी नातं जपा. नुकती व्यालेली म्हैस कुत्र्याला शिंगावर घेते, तिच्या रेडकाजवळ पट्ट्यानंही नेऊ नका. वैरणीच्या गंजीवर किंवा गव्हाणीत कुत्र्यानं शी केली तर ती लगेच काढा, कारण निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाभण गाई-म्हशी गाभडतात आणि तो कुत्र्याच्या शीतून वैरणीत जातो. शेणात मिसळू नका, वेगळा खड्डा काढून पुरा. गोठ्यात वार (व्याल्यावर बाहेर पडणारी पिशवी) पडलेली असेल तर ती कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. मेंढ्यांचा कळप दिसला की वाट सोडून लांब व्हा. धनगरांची कुत्री कळपासाठी जिवावर उदार होतात, आणि पाठलाग झालेली गाभण मेंढी दगावू शकते. कोंबडी मारलीच, तर वाद न घालता यजमान सांगेल ती किंमत त्याच दिवशी द्या.

पाण्याकडं विशेष लक्ष द्यायला हवं. अस्तरीकरण केलेलं शेततळं हा कुत्र्यासाठी सापळाच आहे. ओल्या प्लॅस्टिकवर पंजा धरत नाही, पोहून पोहून कुत्रं दमतं आणि बुडतं, माणूसही तसाच बुडतो. काठावर गाठी मारलेला जाड दोर पक्क्या खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला आहे का ते पाहा. नसेल तर यजमानाला विचारून तुम्ही बांधा, टोकाला जुनं टायर लावलं तर कुत्र्याला पुढचे पाय टाकता येतात. कुत्रं पडलं तर मागोमाग उडी मारू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना वरच्या बाजूला कुत्र्याला पोहायला सोडू नका, फटींतून पाणी ओढतं. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते आपोआप उघडले की भोगावतीचं पाणी झपाट्यानं चढतं.

आता फिरायला जाण्याबद्दल. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात कुत्रं नेता येत नाही, तेव्हा तो बेत असेल तर वस्तीवर त्याच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं. शेताच्या बांधावरून फिरताना पट्टा हातातच. गव्यामागं धावलेलं कुत्रं घाबरलं की सरळ मालकाकडं पळत येतं, आणि त्याच्यामागं गवा येतो. ससा, भेकर, मोर यांच्यामागं कुत्रं सोडणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कारवान किंवा पश्मीसारखं धावणारं कुत्रं असेल तर नजरेनं ससा टिपला की हाक ऐकू येत नाही, तेव्हा "येतो तो बोलावल्यावर" यावर विसंबू नका. वाळक्या वेलीवर तपकिरी लवदार शेंगा दिसल्या तर ती खाजकुहिली, बाजूनं जा. उंच झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर परत फिरा.

ऊस आणि जंगल एकमेकांना लागतं तिथं मुसकं घालूनच चाला. रानडुकरं मारण्यासाठी काही जण पिठाच्या किंवा मांसाच्या गोळ्यात स्फोटक भरून टाकतात, कुत्र्यानं चावला की जबडा फुटतो. फास बहुतेक क्लच वायरचा असतो, म्हणून खिशात पक्कड ठेवा. कुत्रं अडकलं तर आधी त्याच्या तोंडावर जाड कापड टाका, कारण वेदनेनं ते मालकालाही चावतं. एकानं त्याला खुंट्याच्या दिशेनं ढकलून तार सैल करायची आणि दुसऱ्यानं कापायची. वरून जखम दिसली नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दाबलेलं मांस दोन-तीन दिवसांनी सडतं.

सूर्य मावळायच्या आधी कुत्रं घरात. सोप्यात साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतं सापडतं, बंद दाराआडच झोपवा. खाली पोतं आणि घोंगडं लागतं, डिसेंबरात फरशी गार पडते. रात्री लघवीला न्यायचं तर मोठी बॅटरी, दोन मीटरचा पट्टा, आणि अंगणाच्या उजेडातच. मण्यार रात्रीच फिरतो, अंधारात सरपणाच्या ढिगाजवळ जाऊ नका.

खाणं घरूनच न्या, नेहमीचंच. शेतावर मटणाचा बेत होतोच आणि प्रत्येकाला कुत्र्याला काहीतरी द्यावंसं वाटतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात कांदा-लसूण आणि चरबी असते. कांद्यानं रक्तातल्या पेशी फुटतात, चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते, आणि शिजवलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं. जेवण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकदा सांगून टाका आणि कुत्र्याला त्याचं भांडं दुसऱ्या खोलीत द्या. लहान मुलांच्या हातातली बेदाण्याची पुडीसुद्धा धोक्याची आहे.

औषधांच्या पिशवीत ५०० मिलीची सलाईनची बाटली, बीटाडीन, गॉज, चिकटणारी पट्टी, गोचीड काढायचा चिमटा आणि थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचा ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत नॉर्मल असतो. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यातलं काही कुत्र्याला देऊ नका. कुत्र्यानं बेडूक चावला आणि तोंडाला फेस आला तर तोंड खाली धरून बाजूनं पाणी सोडा, घशात जाऊ देऊ नका.

साप चावला तर चिरा पाडू नका, दोरी आवळू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच औषध चालतं, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. कोल्हापुरातला कुठला प्राण्यांचा दवाखाना ते ठेवतो आणि रात्री उघडा असतो, हे निघण्याआधी फोन करून कागदावर लिहून घ्या. रेंज गेल्यावर शोधता येत नाही. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे, तोही त्याच कागदावर.

उंदराचं काळं औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, खाल्लं असेल तर पोटात विषारी वायू तयार होतो. "काहीतरी खाऊ घाल" हा सल्ला इथं घातक आहे, अन्नानं पोटातलं आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करू नका. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, कारण कुत्र्याच्या उलटीतला वायू माणसालाही बाधतो. उंदराचं दुसरं, रक्त पातळ करणारं औषध खाल्लं तर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग हिरड्यांतून किंवा शीतून रक्त येतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता औषधाचं पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडं जा, व्हिटॅमिन के-१ वेळेत मिळालं तर कुत्रं वाचतं. लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं आणि अंग थरथरणं ही फवारणीच्या औषधाची खूण, यालाही वेळ थोडाच असतो.

रोज संध्याकाळी कुत्र्याला उजेडात आडवं घेऊन बोटांच्या मधल्या फटी, काखा, कानाच्या मागं आणि शेपटीखाली हात फिरवा. गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. कुत्रं सारखं डोकं हलवत असेल तर कानात कुसळ असू शकतं, ते आत दिसत असलं तरी ओढू नका, डॉक्टरांना काढू द्या. घरी आल्यावर तीन आठवडे जेवण, लघवीचा रंग आणि हिरड्या पाहत राहा. लघवी चहासारखी तपकिरी, हिरड्या फिकट किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना सांगा की कुत्रं रानात राहून आलंय.